खारीला घरी पोचवणारं गाणं

माझ्या नातीच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमातलं शेवटचं गाणं कोणीतरी अर्ध्यात कापलं, तेव्हापासून मी गायला लागलो. त्याआधी कित्येक वर्षं मी गाण्याची एक ओळही म्हटली नव्हती. त्यामागे एक जुना राग आहे, तोही सांगेन. पण आधी कार्यक्रम सांगायला हवा, कारण भांडण तिथूनच सुरू झालं.

आमचं घर रिसालीत, हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या गावात. मुलगी आणि जावई राहतात स्मृति नगरला, दोघंही नोकरीवर. मुलगी सकाळी स्कूटरवरून नातीला तिच्या जेवणाच्या डब्यासकट आमच्याकडे सोडते आणि संध्याकाळी घेऊन जाते. माझा धंदा कूलरचा. उन्हाळ्यात मला श्वास घ्यायला वेळ नसतो, पण पाऊस लागला की कूलर कोणी विचारत नाही. मग दुकान मुलगा सांभाळतो आणि मी घरी बसून बायकोला त्रास देतो, असं बायको म्हणते. गेल्या पावसाळ्यात मी नातीसोबत बसून तो कार्यक्रम रोज पाहिला.

त्यात एक हत्ती आहे, एक खार आहे आणि एक बोलणारी बादली आहे. तिघं मिळून दिवसभर काहीतरी घोळ घालतात आणि निस्तरतात. भाषा हिंदी. नातीचीही तीच. आमच्याशी मराठी बोलायला लागते, पण दोन शब्दांत हिंदीवर घसरते. कार्यक्रम दुपारी, आमच्या जेवणाच्या थोडा आधी लागतो. मोबाईल हातात द्यायचा नाही, टीव्ही एवढाच, हा मुलीचा कायदा आहे आणि तो मला मान्य आहे.

पहिल्या दिवशी मला त्या कार्यक्रमाचा संताप आला होता. गोष्ट जरा कुठे पुढे सरकते की हे लोक गायला लागतात. हात धुवायचं गाणं, खेळणी उचलायचं गाणं, रुसलेल्याला मनवायचं गाणं. एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी बायकोला म्हणालो, "अर्धा माल तर गाण्यातच घालून राहिले. गोष्ट कुठं आहे?"

"तुमच्यासाठी नाही जी ते," ती म्हणाली. "लेकरासाठी आहे."

पण मी धंद्याचा माणूस. कोणी काही विकत असेल तर ते तसंच का विकतो, हे मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी नातीकडे बघायला लागलो. सुरुवातीचं गाणं लागलं की ती जिथे असेल तिथून पळत यायची. स्वयंपाकघरातून, मागच्या अंगणातून, एकदा तर संडासातून. गाणं बरोबर तेवढंच लांब होतं. ती येऊन सतरंजीवर टेकली की संपायचं. हात धुवायचं गाणं दोन्ही हातांना साबण लावून होईपर्यंत पुरायचं. तेव्हा मला समजलं की हे गाणं मनोरंजन नाहीच, ही हाक आहे. आणि हाकेचं मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

कारण मी हाकेवरच मोठा झालो. माझे वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे प्लांटात, कामाला आले. मला प्लांटात नोकरी लागली नाही, म्हणून मी सायकलवर वुडवूलचं, म्हणजे लाकडी भुशाचं पोतं आणि तारेची गुंडाळी बांधून सेक्टरा-सेक्टरांतून फिरायचो. कूलरच्या तिन्ही बाजूंना ज्या जाळ्या असतात, ज्यांवरून पाणी झिरपतं, त्या ताट्या. दर वर्षी त्यांच्यातला जुना, सडलेला भुसा काढून नवा भरावा लागतो. "ताटी भरवा लोऽऽ, कूलर की ताटीऽऽ" अशी माझी हाक होती. बाकीची पोरं गल्लीभर सतत ओरडत जायचे. मी तसं करत नव्हतो. पहिल्या फाटकाशी हाक सुरू, तिसऱ्या फाटकाशी संपली पाहिजे. मग एकदम गप्प. घरातल्या बाईला गॅस कमी करायला आणि पदर नीट करायला तेवढाच वेळ लागतो. आणि ओरडणं चालूच राहिलं तर तिला वाटतं माणूस अजून दूर आहे, जाऊ निवांत. गप्प झालो की तिला वाटतं, दारात आला, आता निघून जाईल. दार आपण गप्प बसल्यावर उघडतं. या एका गोष्टीवर मी दुकान उभं केलं.

तर त्या कार्यक्रमाचं शेवटचं गाणं. ते सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत चांगलं होतं. दिवस मावळतो आणि तिघं आपापल्या घरी जातात. आधी हत्ती जातो, मग खार जाते, शेवटी बादली विहिरीच्या काठावर उलटी होऊन झोपते. नातीने त्याच्यावर आपलं सगळं वेळापत्रक बसवलं होतं. हत्ती घरी गेला की ती उठायची. खार घरी जाईपर्यंत मोरीत जाऊन हात धुऊन यायची. बादली उलटी झाली की पाटावर मांडी घालून बसायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. बायको फक्त तिच्या डब्यातलं ताटात वाढायची.

मग एका दुपारी हत्ती घरी गेला आणि पडद्यावर साबणाची जाहिरात आली.

नात उठून उभी होती. ती तशीच उभी राहिली. जाहिरातीमागून जाहिरात झाली आणि दुसराच कार्यक्रम सुरू झाला.

"नानाजी, गिलहरी?"

"संपलं आजचं. चल, हात धू."

"गिलहरी घर नहीं गई."

"गेली असन ना. आपल्याले दाखवलं नाही फक्त."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला सडका भुसा नवा म्हणून विकतोय. ती हात धुवायला गेली नाही, जेवलीही नाही. खार रस्त्यावर होती, बादली विहिरीवर सरळ उभी होती, आणि आम्ही म्हणत होतो वरण-भात खा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला. मी तिच्यावर ओरडलो नव्हतो, टीव्हीवर ओरडलो होतो. "पुरं दाखवाले काय होते रे तुमाले? माप कावून मारता?" पण आवाज तो आवाज. एवढ्याशा पोरीला काय माहीत कोणावर आहे. ती रडत बायकोच्या मागे गेली आणि संध्याकाळी आईला पहिली बातमी हीच दिली, "नानाजी चिल्लाए."

मुलगी स्कूटरवरून उतरलीसुद्धा नव्हती. डबा उघडून पाहिला, तसाच भरलेला.

"बाबा, ही तीन दिवसांपासून उपाशी जाऊन राहिली. घरी येते तं चिडचिड, रात्री दूध, बस."

"मी काय करू? तिकडून गाणं कापून राहिले."

"गाण्याचं नका सांगू मले. माझ्या ऑफिसजवळ एक पाळणाघर आहे. संध्याकाळपर्यंत ठेवतात, जेवण देतात. एवढा महिना पाहतो. नाही जमलं तं तिथं टाकतो."

"म्हणजे माझ्याजवळ ठेवायची नाही?"

"तुमच्याजवळ उपाशी ठेवायची नाही," ती म्हणाली आणि स्कूटर वळवली.

भाव करणं तिला माझ्याकडूनच आलंय. शेवटचा आकडा सांगायचा आणि पाठ फिरवायची. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना असंच केलं आणि आता ते माझ्या अंगावर आलं होतं. त्या रात्री घर इतकं गप्प वाटलं की मी उगाच बायकोशी भांडण काढलं. ती म्हणाली, "कावून ओरडून राहिले जी? पोरगी अजून गेली नाही." अजून हा शब्द मला टोचला.

सकाळी उठून मी केबलवाल्याकडे गेलो. चौकातल्या चहाच्या ठेल्यामागे त्याची खोली आहे. माझी खात्री होती की हाच कापतो. आपल्या गावच्या जाहिराती घुसवायला गाणं मारतो. मी दारातूनच सुरू केलं. त्याने कानातलं काढलं, मला स्टूल दिलं.

"चाचा, कौन सा गाना?"

"हत्ती, खार आणि बादलीचं. शेवटचं."

तो इतका हसला की ठेलेवालाही डोकावला. "चाचा, मैं यहाँ कैंची लेके बैठा हूँ क्या? ऊपर से ही ऐसा आता है."

"ऊपर म्हणजे कुठून?"

त्याने बोट छताकडे केलं. मी पण वर पाहिलं. तिथे कोळ्याचं जाळं होतं. "टाइम बिकता है चाचा," तो म्हणाला. "बच्चों का गाना कौन खरीदेगा? वो ही कटता है." भांडायला माणूस समोर असावा लागतो. छताशी मी काय भांडणार? चहा पिऊन परत आलो, पैसेही त्यानेच दिले, त्याचा आणखी राग.

त्या दुपारी हत्ती गेला, जाहिरात आली, आणि नात माझ्या तोंडाकडेही न बघता उठून व्हरांड्यात गेली. तिथे एका जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा ठेवलेला असतो. ताट्या काढलेल्या, पंखा काढलेला, नुसती पेटी. ती त्यात शिरली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली. बायको आतून म्हणाली, "जाऊ नका आता. तुमचा आवाज ऐकला की अजून आत जाईन."

तरी मी गेलो. जिथे ताटी बसते त्या उघड्या बाजूला जमिनीवर बसलो. अशा किती कूलरांसमोर मी असा उकिडवा बसलो असेन. हात आपोआप चौकटीवर गेला. समजवायला गेलो तर आवाज चढणार, हे मला माहीत होतं. मला दोनच आवाज येतात, भाव करायचा आणि हाकेचा. भाव करायची ही वेळ नव्हती.

मग मी हाकेची चाल धरली, पण अगदी खाली, जवळजवळ पुटपुटत.

"चालली खार घरालेऽऽ, चालली खार घरालेऽऽ,
पयल्या फाटकावर कुत्रं निजलं, नको उठवू त्यालेऽऽ"

पत्र्याच्या पेटीत माझा आवाज गोल फिरून आला. नातीने डोकं वर केलं नाही, पण हुंदके थांबले.

"खार कौन?"

"गिलहरीच. आमी तिले खार म्हणतो."

"फिर?"

फिर मला तरी कुठे माहीत होतं. पण दुसरं फाटक आलंच पाहिजे.

"दुसऱ्या फाटकावर पेरू पिकला, धरला तोंडात त्यालेऽऽ
तिसऱ्या फाटकात घर खारीचं, आई उभी दारालेऽऽ"

आणि सवयीने मी गप्प झालो. तिसरं फाटक झालं की गप्प. एवढ्या वर्षांचं शरीरात बसलेलं, ते विचारून होत नाही.

आतून काही आवाज नाही. मी हललो नाही. मग पेटीतून आधी एक पाय आला, मग दुसरा. ती बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली, नाक पुसलं आणि म्हणाली, "बाल्टी?"

मी तिला हात धरून मोरीत नेलं आणि आमची निळी बादली फाडकन उलटी केली.

"अजी!" बायको ओरडली. "पाणी भरून ठेवलं होतं त्यात! नळ गेला आता!"

पाणी दोघांच्या पायांवरून उंबरठ्यापर्यंत गेलं. नात खळखळून हसली, त्याच पाण्यात हात धुतले आणि ओल्या पायांनी जाऊन पाटावर बसली. जेवली. फार नाही, पण जेवली.

त्यानंतर रोज हत्ती घरी गेला की टीव्ही बंद करायला ती स्वतःच पळायची आणि माझ्या समोर येऊन उभी राहायची. बाकीचं गाणं माझ्याकडून वसूल करायची. फाटकावरचं कुत्रं बदलायला लागलं, कधी गाय, कधी नगर निगमची कचऱ्याची गाडी. पण फाटकं तीनच. माप मी मारत नाही आणि फुकट वाढवूनही देत नाही.

डबा रिकामा जायला लागला तरी मुलीचा विश्वास बसेना. "आईच खात असन," असं तिने जावयाला सांगितलं. एका शनिवारी ती अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन, न सांगता, कार्यक्रमाच्या वेळेला येऊन सोफ्यावर बसली. "पाहू तं खरं," म्हणाली.

आता तो जुना राग सांगायला हवा. आमच्याकडे मराठी लोकांचं एक गणपती मंडळ आहे. कोणतं ते सांगत नाही. दुकान नुकतं चालायला लागलं होतं, मी नवा सदरा घालून आरतीला पुढे उभा होतो. मनापासून म्हणत होतो. मोठ्या हुद्द्यावरचे एक गृहस्थ, भाषा अगदी पुस्तकातली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, तुमचा आवाज बाजारातला आहे. आरतीला नाही शोभत. तुम्ही आपली झांज धरा." लोक हसले. मी झांज धरली आणि अशी बडवली की त्या दिवशी कोणाचीच आरती कोणाला ऐकू आली नाही. पण त्यानंतर तोंड उघडलं नाही. मंडळात नाही, लग्नात नाही, घरात नाही. मंडळवाले दर वर्षी मांडवासाठी मोठे पंखे माझ्याकडूनच नेतात, आणि भाड्यात मी एक रुपया सोडत नाही. ते गृहस्थ आता काठी घेऊन चालतात. तरी सोडत नाही.

आणि आता मोठ्या माणसासमोर गायची वेळ आली होती. नातीसमोर गोष्ट वेगळी होती. सोफ्यावर माझी मुलगी होती, शिकलेली, नोकरी करणारी, हाताची घडी घालून बसलेली. हत्ती गेला. नातीने टीव्ही बंद केला आणि येऊन माझ्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली.

मी घसा खाकरला.

"नानाजी, खार," नात म्हणाली. खार म्हणाली, गिलहरी नाही.

मुलीचा चेहरा मला वाचता येत होता. आज नाही जमलं तर सोमवारपासून पाळणाघर. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. पुटपुटलो नाही. पुटपुटायला गेलो असतो तर थांबलो असतो, म्हणून गल्लीत द्यायचो तसाच पूर्ण आवाज दिला. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. पहिलं फाटक झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात आई दारात उभी राहिली, आणि मी गप्प झालो.

डोळे उघडले तर नात मोरीत गेली होती. मुलगी सोफ्यावरून उठून दारात जाऊन उभी होती, पाठ आमच्याकडे.

"काय झालं?" मी म्हणालो. "बाजारातला आहे आवाज, माहीत आहे मले."

"बाबा, हे तं तुमचं ताटीचं गाणं आहे."

"चाल तीच आहे. शब्द दुसरे."

"तुमी संध्याकाळी घरी येतानी गल्लीच्या तोंडावर एकदा म्हणत होते. तेवढंच, एकदा. मंग गप्प. आई म्हणे, चल, पाट मांड, बाबा आले. मी पाट मांडून गेटवर येतपर्यंत तुमची सायकल दिसे."

मला हे माहीत नव्हतं. हाक देत होतो हे आठवतं. आपल्याच गल्लीत ताटी भरवणारं कोणी नव्हतं, तरी देत होतो. का देत होतो ते आज सांगता येणार नाही. दिवसभराची सवय असेल, किंवा पोतं रिकामं झाल्याचा आनंद. पण आत पाट मांडले जात होते, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. मी बायकोकडे पाहिलं. ती वरण वाढत होती.

"मले कावून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगायचं त्यात?" ती म्हणाली. "तुमी येत होते, आमी वाढत होतो."

त्या दिवशी आम्ही चौघं सोबत जेवलो. जेवताना मी मुलीशी भाव केला. ती सुरुवातीला म्हणाली की पाळणाघर नाही तरी शाळेची सवय लागायला पाहिजे. मी म्हणालो, मुळीच नाही. ती म्हणाली, पूर्ण दिवस. मी ताटावरून उठायचं नाटक केलं. शेवटी ठरलं की दिवाळीनंतर सकाळी दोन तास बालवाडी, आणि दुपारी कार्यक्रमाच्या आधी माझ्याकडे. मुलगी म्हणते ती जिंकली. मला जो माल पाहिजे होता तो मिळाला, म्हणून मी गप्प आहे.

आता बालवाडी सुरू झाली आहे. टीव्हीवरचं गाणं अजूनही अर्धंच येतं आणि मी आता त्यावर ओरडत नाही. त्यांनी पूर्ण दाखवायला सुरुवात केली तर माझं काय होईल, याचीच मला भीती वाटते.

पण एक नवीन भानगड झाली आहे. संध्याकाळी मुलगी घ्यायला येते, तेव्हाही नातीला खार घरी पोचवल्याशिवाय निघायचं नसतं. ती स्कूटरवर पुढे उभी राहते, हँडलला धरून, आणि मी आमच्या फाटकाशी उभा राहतो.

"बाबा, लवकर. अंधार पडून राहिला," मुलगी म्हणते. स्कूटर चालू असते.

मी सुरू करतो. पहिल्या फाटकावर कुत्रं निजलेलं असतं, दुसऱ्यावर पेरू पिकलेला असतो. तिसऱ्या फाटकाशी आलं की मला माहीत असतं, इथे गप्प व्हायचं आहे. गप्प झालो की दार उघडतं, तसंच आता गप्प झालो की स्कूटर निघते. म्हणून तिसऱ्या फाटकावर खारीला एक म्हैस भेटते. चौथ्यावर तिची मावशी राहते. पाचव्यावर कोणीतरी कूलरची ताटी भरत बसलेलं असतं आणि खार ते बघत थांबते.

"तीनच फाटकं होते ना?" मुलगी म्हणते. "माप कावून वाढवून राहिले?"

मी सहाव्या फाटकाला हात घालतो. नात खुश होऊन माझ्याकडे बघत असते. मुलगी किल्ली फिरवून स्कूटर बंद करते.